नोंदीतला ‘३ दिवसांपासून खोकला’ पाचव्या आठवड्यातही ३ दिवसांचाच का असतो?

खोकल्याचा रुग्ण चौथ्यांदा आलेला असतो. खोकला सुरू होऊन पाच आठवडे झालेत हे त्यालाही ठाऊक असतं आणि तुम्हालाही. तरी ईएमआरमधली, म्हणजे रुग्णाच्या संगणकीय फाइलमधली, आजची नोंद उघडली की पहिली ओळ दिसते: ‘३ दिवसांपासून खोकला’. खाली तारीख आजची, सही तुमची.

यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. पहिल्या भेटीला ते वाक्य अगदी खरं होतं. दुसऱ्या भेटीला कुणीतरी ‘मागची नोंद आणा’ हे बटण दाबलं, तपासणीचा भाग बदलला, औषधं बदलली आणि हिस्टरीच्या, म्हणजे आजाराच्या हकिगतीच्या, ओळीकडे पाहायचं राहून गेलं. तिसऱ्या भेटीला दुसऱ्याची कॉपी झाली. असं करत नोंदीतले ३ दिवस संपतच नाहीत.

मी डॉक्टर आहे. आमच्या विभागातले ईएमआरचे टेम्प्लेट सांभाळायचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. एका मीटिंगमध्ये मी या प्रकाराबद्दल कुरकुर केली होती, आणि कुरकुर करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं हा नियम तेव्हा मला ठाऊक नव्हता. तेव्हापासून ही एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत इतक्यांदा समोर आली आहे की, ती कशी ओळखायची आणि कशी सोडवायची हे एकदा नीट लिहून काढतो.

त्रास किती दिवसांचा ही मुदत नोंदीत चुकली तर बिघडतं काय, असं विचारणारे भेटतात. प्रौढांमध्ये ३ आठवड्यांच्या आतला खोकला तीव्र, ३ ते ८ आठवड्यांचा उपतीव्र आणि ८ आठवड्यांपलीकडचा दीर्घकालीन धरला जातो, आणि प्रत्येक गटाची कारणं, तपासण्या वेगळ्या. म्हणजे एका आकड्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. डेंग्यूच्या संशयात आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी कामाची, पुढे प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. तापाचा सातवा दिवस आणि नोंदीत मात्र तिसरा असेल, तर निगेटिव्ह एनएस१ बघून डेंग्यू नाहीच असं कुणी धरून चालू शकतं. ‘आता रिपोर्टवरच सगळं कळतं’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुना आकडा: १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात ८० नव्या बाह्यरुग्णांपैकी ६६ जणांचं निदान रेफरल पत्र वाचून आणि हिस्टरी ऐकूनच ठरलं होतं. तपासणी आणि चाचण्या त्यानंतरच्या.

आधी बघा, चूक शिरते कुठून

अशी तक्रार आली की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो डॉक्टर नीट लिहीत नाहीत, दुसरा म्हणतो सॉफ्टवेअरच भिकार आहे. या वादात पडू नका. बाहेरून सारखी दिसणारी ही चूक निदान चार वाटांनी येते, आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे.

एकाच तक्रारीसाठी तीन किंवा अधिक वेळा आलेले वीसेक रुग्ण काढा. त्यांच्या प्रत्येक भेटीतली हिस्टरीची पहिली ओळ एकाखाली एक लावा. ओळी शब्दशः सारख्या असतील तर वाट कॉपीची. स्पेलिंगची चूक इथे फार मदत करते. आमच्याकडे पहिल्या भेटीत एका शब्दातलं एक अक्षर निसटलं होतं, आणि ते निसटलेलं अक्षर तसंच निसटलेलं राहून सात भेटी आणि तीन डॉक्टरांच्या सह्यांखालून गेलं. तिघांनी स्वतंत्रपणे टाइप करताना एकाच जागी तीच चूक केली, हे मानायला माझं मन तयार नाही.

मग मजकूर सोडून तारखेच्या रकान्याकडे वळा. लक्षण सुरू झाल्याची तारीख आणि नोंद तयार झाल्याची तारीख ज्या नोंदींत एकच आहे, त्या मोजायला आयटीवाल्यांना सांगा. ताप-उलटीत थोड्याफार नोंदी तशा निघतीलच. पण गुडघेदुखी, पाठदुखी, बद्धकोष्ठ यांचीही सुरुवात बहुतेक वेळा ‘आजच’ झालेली दिसली, तर रकाना आजची तारीख स्वतःच भरतोय आणि कुणी ती बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच यादीत कुठली तारीख किती वेळा येते तेही बघा. १ जानेवारीला आणि महिन्यांच्या पहिल्या तारखांना ढीग दिसला तर लोकांचे आजार एक तारखेला सुरू होत नसून रकान्याला पूर्ण तारीखच हवी आहे. रुग्ण म्हणाला ‘मार्चपासून’, टाइप करणाऱ्याने १ मार्च टाकला. रुग्ण म्हणाला ‘दोन वर्षं झाली असतील’, झाली १ जानेवारी.

आणि एक नमुना असा, की जो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझा एक आठवडा खाल्ला. डॉक्टरांच्या पडद्यावर १४ मार्च, रुग्णाच्या ॲपमध्ये १३ मार्च. त्याबद्दल पुढे.

कॉपीचं बटण

हे बटण काढून टाका, असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. आता म्हणत नाही. काढलं की लोक नोंद निवडून कॉपी-पेस्ट करतात, आणि मग कुणी काय केलं याची नोंद ठेवणाऱ्या ऑडिट लॉगमध्ये कॉपीची खूणसुद्धा उरत नाही. शिवाय जुना आजार, जुन्या शस्त्रक्रिया, ॲलर्जी हे दर वेळी नव्याने टाइप करायला लावणं म्हणजे नव्या चुकांना बोलावणं.

प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज हवा असेल तर २०२२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णसेवेतला अभ्यास बघा. १० कोटींहून अधिक नोंदी तपासल्यावर ५०.१ टक्के मजकूर त्याच रुग्णाच्या आधीच्या नोंदींतून आलेला निघाला. म्हणजे निम्मी फाइल आधीच एकदा लिहून झालेली.

आम्ही शेवटी कॉपीचे दोन भाग केले. जे बदलत नाही किंवा क्वचित बदलतं, ते पुढच्या भेटीत येऊ द्यायचं. सध्याच्या तक्रारीची हिस्टरी मात्र पुढे येते ती राखाडी रंगात, वर ‘अमुक तारखेच्या भेटीतून’ असं लिहून, आणि ती नव्या नोंदीचा भाग होत नाही. वाचता येते, तिच्यावरून पुढचं लिहिता येतं, पण सही करताना ती आपोआप आजची होत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी सोय नसेल तर निदान एवढं करा: कॉपी केल्यावर हिस्टरीचा रकाना रिकामा येऊ द्या आणि मागची हिस्टरी शेजारी वाचायला ठेवा. पहिले दोन आठवडे लोक शिव्या घालतात, नंतर सवय होते. आम्हालाही घातल्या.

या बदलाचा एक फायदा मी धरला नव्हता. मागची हिस्टरी शेजारी आणि आजचा रकाना कोरा असला की डॉक्टर आपोआप फरक लिहितात: ‘कफ आता सुटतोय’, ‘रात्रीचा खोकला थांबला’. फॉलोअपच्या नोंदीत खरं तर हेच हवं असतं.

मुदत बोलायची, तारीख लिहायची

कॉपी आवरली तरी अर्धाच प्रश्न सुटतो, कारण मूळ दुखणं वाक्याच्या रचनेत आहे. ‘३ दिवसांपासून’ हे वाक्य ज्या दिवशी लिहिलं त्याच दिवशी खरं असतं. ते कुठेही नेलं, डिस्चार्ज समरीत, रेफरल पत्रात, विम्याच्या कागदात, की चुकीचं होतं. ‘११ फेब्रुवारीपासून’ हे वाक्य कुठेही नेलं तरी खरंच राहतं. रुग्ण मुदतीत बोलतो, बोलू द्या. नोंदीत उतरवताना तिची तारीख करा. टेम्प्लेटमध्ये मुदत टाकली की तारीख काढून देणारा छोटा हिशेब बसवता येतो, आणि पडद्यावर ‘किती दिवस झाले’ हे त्या-त्या दिवशी तारखेवरून मोजून दाखवता येतं. साठवायची तारीख, दाखवायची मुदत.

इथे आपल्या भाषेचा एक चकवा आहे. मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे एक आठवडा. ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. ‘चार दिवस झाले’ म्हणजे थोडे दिवस, कधी तीन, कधी सहा. ‘आठ-पंधरा दिवस’ तर नुसता अंदाज. कुणी ‘आठ दिवसांपासून पोट बिघडलंय’ म्हणालं आणि तुम्ही ८ टाइप केलं की संगणक निष्ठेने ८ वजा करून एक तारीख काढून देतो, आणि जे रुग्णाने कधी म्हटलंच नव्हतं ते पक्क्या तारखेच्या वेषात फाइलमध्ये जाऊन बसतं. ‘परवापासून’चीही तीच गत: कुणासाठी तो कालच्या आदला दिवस, कुणासाठी नुसतंच ‘मध्यंतरी’.

म्हणून तारखेसोबत ती किती पक्की आहे हेही नोंदवावं लागतं. आमच्या टेम्प्लेटमध्ये तारखेशेजारी एक छोटा ड्रॉपडाउन आहे: दिवस नक्की, आठवडा नक्की, महिना नक्की, वर्ष नक्की, अंदाजे. सुरुवातीला हा जादा क्लिक कुणालाच नको होता. पण ज्या दिवशी एका सहकाऱ्याला ‘महिना नक्की’ निवडून नुसतं ‘मार्च २०२५’ ठेवता आलं आणि कुठला तरी दिवस शोधून काढावा लागला नाही, तेव्हापासून त्याचा विरोध मावळला.

तुमचं सॉफ्टवेअर पूर्ण तारखेशिवाय पुढे जाऊच देत नसेल तर ते पुरवठादाराच्या कानावर घाला. आरोग्य-माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या एचएल७ फायर या मानकात अपुरी तारीख चालते: फक्त वर्ष, किंवा वर्ष आणि महिना. आजाराची सुरुवात तिथे तारीख म्हणून देता येते, त्या वेळचं वय म्हणून देता येते (‘विसाव्या वर्षापासून अर्धशिशी’ यासाठी हेच योग्य), कालखंड म्हणून किंवा साध्या मजकुरातही देता येते. नोंद केल्याची तारीख वेगळ्या रकान्यात जाते. म्हणजे मानकाची अडचण नाही, पडद्याची आहे. ‘सिस्टिम घेत नाही’ हे उत्तर मिळालं तर हे पुढे करा.

आता त्या १३ आणि १४ मार्चचं. सुरुवातीची तारीख जर तारीख-अधिक-वेळ अशा रकान्यात साठवली, तर वेळ कुणी देत नाही म्हणून रात्रीचे ००:०० धरले जातात. ती स्थानिक मध्यरात्र यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलली की, यूटीसीच्या पुढे असलेल्या कुठल्याही भागात, आदल्या दिवसाची वेळ होते. मग ज्या ॲपने वेळ वगळून फक्त तारीख वाचली त्याला आदला दिवस दिसतो. डॉक्टर म्हणतात आम्ही १४ लिहिलं, रुग्ण म्हणतो मला १३ दिसतंय, दोघेही खरे. उपाय एकच: जिथे वेळ महत्त्वाची नाही तिथे निव्वळ तारखेचा प्रकार वापरायचा, वेळ चिकटवायचीच नाही. हे काम डॉक्टरांच्या हातचं नाही, पण आयटीला ‘कधीकधी तारीख चुकते’ असं मोघम न सांगता ‘एका दिवसाने मागे जाते, पुढे कधीच नाही’ असं सांगितलंत तर ते पाच मिनिटांत ओळखतात. मी मोघम सांगत बसलो, म्हणून तो आठवडा गेला.

सुरुवात कशाची?

तारीख आली, अचूकताही आली, तरी नर्सने टाकलेली तारीख आणि डॉक्टरांनी टाकलेली तारीख जुळत नाही, अशी तक्रार उरतेच. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. ‘कधीपासून त्रास आहे?’ या प्रश्नाला रुग्ण मनात येईल त्या सुरुवातीचं उत्तर देतो. दम्याचा त्रास लहानपणापासून, ही खेप सोमवारपासून, आणि काल रात्री झोपच लागली नाही इतकं वाढलं. तीन तारखा, तिन्ही खऱ्या. रकाना एकच असेल तर ज्याने जे ऐकलं ते टाकलं.

आम्ही रकाने तीन केले नाहीत, कारण तीन रकाने म्हणजे दोन रिकामे. एकच ठेवला आणि त्याचं नाव बदललं: ‘या खेपेची सुरुवात’. जुना आजार प्रॉब्लेम लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णाच्या चालू समस्यांच्या यादीत, जातो, तिथे त्याची स्वतःची सुरुवात असते. ‘कधीपासून वाढलं’ हे मजकुरात. रकान्याचं नाव बदलण्याला खर्च शून्य, आणि भांडणं निम्मी झाली.

प्रश्नही बदलून बघा. ‘कधीपासून’ ऐवजी ‘याआधी पूर्ण बरं शेवटचं कधी वाटत होतं?’ असं विचारलं की उत्तर बरेचदा आठवडाभर मागे सरकतं.

पक्षाघातात तर हा प्रश्न म्हणजेच सगळं काही. सकाळी ७ वाजता उठल्यावर तोंड वाकडं आणि उजवा हात लुळा. घरचे म्हणतात ‘सातला झालं’. नोंदीत ०७:०० गेलं. पण ७ वाजता तो उठला, पक्षाघात झोपेत कधी झाला कुणालाच माहीत नाही. रात्री ११ वाजता बोलून झोपला असेल तर ‘शेवटचा ठीक असल्याची वेळ’ २३:००. गुठळी विरघळवणारं औषध नेहमीच्या निकषांनी साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि तो हिशेब या वेळेपासून. ०७:०० धरून ९ वाजता औषध देणं आणि २३:०० धरून विचार करणं यात फार मोठं अंतर आहे. झोपेतून उठलेल्या अशा रुग्णांसाठी विशेष स्कॅनवरून निर्णय घेतात, तो रस्ताही मग वेगळा. म्हणून आपत्कालीन टेम्प्लेटमध्ये ‘लक्षण दिसल्याची वेळ’ आणि ‘शेवटचा ठीक असल्याची वेळ’ हे दोन वेगळे रकाने हवेतच. इथे दोन रकान्यांबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही.

चक्कर म्हणजे काय रे भाऊ

तारखेइतकीच वारंवार येणारी दुसरी तक्रार शब्दांची. रुग्ण म्हणतो ‘चक्कर येते’. ड्रॉपडाउनमध्ये ‘चक्कर’ टाइप केलं की पहिला पर्याय येतो तो निवडला जातो, बहुधा व्हर्टिगो, म्हणजे गरगरणं. पुढचा डॉक्टर ते वाचतो आणि कानाच्या दिशेने निघतो. प्रत्यक्षात रुग्णाला म्हणायचं असतं की उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. किंवा एकदा भोवळ येऊन पडलोच. किंवा नुसतं डोकं हलकं वाटतं, चालताना तोल जातो. घेरी, भोवळ, गरगरणं, अंधारी, झोक जाणं: मराठीत यांना वेगवेगळे शब्द आहेत, बोलणारा ते वापरतोही, पण टाइप होताना सगळ्याचं ‘चक्कर’ होतं.

कोडच्या बाजूनेही फारशी सोय नाही. आजार-लक्षणांना कोड देणाऱ्या आयसीडी-१० या यादीत आर४२ या एकाच कोडखाली डोकं हलकं वाटणं आणि कारण न ठरलेली गरगर दोन्ही बसतात. शुद्ध हरपून पडणं आर५५ मध्ये वेगळं. म्हणजे कोडवरून मागे जाऊन रुग्ण काय म्हणाला होता हे शोधता येत नाही. स्नोमेड सीटी या दुसऱ्या वैद्यकीय शब्दसंग्रहात बारीक भेद आहेत, पण तेही निवडणाऱ्याने प्रश्न विचारला असेल तरच.

म्हणून कोडच्या आधी रुग्णाचं वाक्य, अवतरणचिन्हांत, त्याच्याच भाषेत. ‘उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, बसलं की जाते.’ एवढं एक वाक्य जपलं तर कोड चुकला तरी पुढचा डॉक्टर वाट चुकत नाही. छातीचंही तसंच. ‘छातीत दुखतं’ या एका कोडमागे जळजळतं, टोचतं, कळ येते, भरून येतं असं काहीही असू शकतं, आणि ‘भरून येतं’ म्हणणाऱ्याला ‘दुखतं का?’ विचारलं तर तो बरेचदा ‘दुखत नाही’ म्हणतो. मग नोंदीत छातीदुखी नाही अशी टिक पडते. हे मी एकदा स्वतः केलंय, आणि शेजारी बसलेल्या सिस्टरने माझ्या खुर्चीमागून ‘सर, ते भरून येतं म्हणाले ना मघाशी’ असं हळूच म्हटलं म्हणून निभावलं.

देवनागरी टाइप करायला वेळ लागतो ही अडचण खरी आहे. फोनेटिक कीबोर्ड किंवा बोलून टाइप करायची सोय चालू करून घ्या. एका वाक्यापुरती ती पुरते. आणि काही जुन्या सिस्टिम देवनागरी साठवताना प्रश्नचिन्हांच्या रांगा करतात, तर आधी एका चाचणीच्या नोंदीत लिहून, सेव्ह करून, छापून बघा. छपाईत फुटतं ते पडद्यावर दिसत नाही.

‘नाही’ कुणी म्हटलं?

याबद्दल थोडक्यात. ‘सर्व निगेटिव्ह’ हे बटण एका क्लिकमध्ये तीस लक्षणं ‘नाही’ करतं. त्यातली किती विचारली होती हे फक्त दाबणाऱ्याला माहीत. आणि नुसते चौकोन असतील तर न टिकलेल्या चौकोनाचा अर्थ ‘नाही’ की ‘विचारलं नाही’ हे कुणालाच सांगता येत नाही. तीन पर्याय ठेवा: आहे, नाही, विचारलं नाही; आणि न शिवलेला रकाना ‘विचारलं नाही’ असाच राहू द्या. नोंद पांढरीफटक दिसते म्हणून काहींना आवडत नाही. तीस खोट्या ‘नाही’पेक्षा ती पांढरी जागा मला बरी वाटते.

माहिती कुणी दिली तेही लिहा: रुग्ण, आई, मुलगा, आणून सोडणारा शेजारी. लहान मुलांच्या आणि शुद्धीवर नसलेल्यांच्या नोंदीत हा रकाना रिकामा असेल तर दोन वेगवेगळ्या हिस्टरींत कोणती जास्त विश्वासाची हे नंतर ठरवता येत नाही.

जुन्या नोंदींचं काय करायचं

नवे टेम्प्लेट लावले की हा प्रश्न येतोच. जुन्या, सही झालेल्या नोंदी उघडून मुदत ‘दुरुस्त’ करू नका, आणि आयटीला एकगठ्ठा बदलायला तर अजिबात सांगू नका. त्या दिवशी काय लिहिलं होतं हाच त्या नोंदीचा अर्थ, तो पुसता येत नाही. चूक लक्षात आली तर आजच्या तारखेने पुरवणी नोंद जोडा: ‘अमुक भेटीतली ३ दिवसांची मुदत पहिल्या भेटीतून पुढे आलेली आहे, खोकल्याची सुरुवात ११ फेब्रुवारीच्या सुमारास’. रकान्यातली तारीख चुकली असेल तर नवी टाकताना जुनी ‘चुकून नोंदलेली’ या स्थितीत जाऊ द्या, गायब होऊ देऊ नका. सगळ्या फाइली धुंडाळायचं काम कुणाच्याच्याने होत नाही. जे रुग्ण पुन्हा येतात त्यांचीच तारीख भेटीत विचारून सुधारायची. आमच्याकडे नियमित येणाऱ्यांच्या बाबतीत हे काही महिन्यांत आपसूक झालं.

प्रॉब्लेम लिस्ट मात्र आवर्जून झाडा. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली समस्यांभोवती बांधलेल्या नोंदीची कल्पना मांडली तेव्हा ती यादी चालती-फिरती असणं अपेक्षित होतं. आज तिच्यात दोन वर्षांपूर्वीचा ‘ताप’ अजून ‘चालू’ म्हणून सापडतो, कारण सुरुवात नोंदवणारे असतात, संपल्याची तारीख कुणी नोंदवत नाही. आपोआप बरी होणारी लक्षणं या यादीत टाकायचीच नाहीत, त्या भेटीच्या तक्रारीत ठेवायची. निदान झालं की लक्षण यादीतून काढून निदान ठेवायचं.

आमच्या टेम्प्लेटमधून निघणारी एक नोंद सध्या अशी दिसते. रुग्ण काल्पनिक आहे:

मुख्य तक्रार, रुग्णाच्या शब्दांत: “जिना चढला की छातीत भरून येतं, थांबलं की दोन मिनिटांत जातं.”
या खेपेची सुरुवात: फेब्रुवारी २०२५, महिना नक्की
कधीपासून वाढलं: गेल्या आठवड्यापासून, आता सपाट रस्त्यावरही
माहिती: रुग्ण स्वतः, मुलीने दुजोरा दिला
विश्रांतीत त्रास: नाही. घाम: आहे. धडधड: विचारलं नाही
मागील भेटीपासून बदल: पूर्वी दोन जिने चढता येत, आता अर्धा

यातलं ‘धडधड: विचारलं नाही’ वाचून एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, हे लिहिण्यापेक्षा विचारूनच का नाही घेत. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नोंदींत ‘विचारलं नाही’ कमी दिसायला लागलं, आणि विचारलेलं वाढलं.

बदल लावल्यानंतर महिन्याने तेच वीस रुग्ण, तेच रकाने, परत एकाखाली एक लावून बघा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात शब्दशः सारख्या ओळी जवळपास गेल्या, पण १ तारखेचा ढीग तसाच होता. शोधलं तर रिसेप्शनवर भरला जाणारा प्रवेशाचा फॉर्म वेगळा निघाला. तिथे अजूनही पूर्ण तारखेची सक्ती होती, आणि तिथून ती सुरुवातीच्या रकान्यात येऊन बसत होती. तो फॉर्म कुणी तयार केला होता हे मी विचारलं नाही, कारण फाइलच्या गुणधर्मांत माझंच नाव होतं.